आपापलं ताट

आमच्या घरात जेवण झालं की ज्यानं त्यानं आपलं ताट उचलायचं, मागच्या मोरीवर न्यायचं, घासायचं आणि पालथं घालायचं. मग तो पाहुणा असो, जावई असो, नाहीतर तापानं फणफणलेला माणूस असो. लग्नाच्या पंगतीत आमच्याकडचा नवरदेव एका हातानं बाशिंग सावरत दुसऱ्या हातानं आपलं केळीचं पान उचलतो, आणि मुलीकडचे लोक आ वासून बघत राहतात. केरवाऱ्याला आमच्याकडे बाई यायची, कपड्यांना यायची, पण उष्ट्या ताटाला तिनं बोट लावलेलं चालायचं नाही.

"फौजी शिस्त!" असं आमचे वडील, म्हणजे अण्णा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आमचे मूळपुरुष म्हणे सरदार. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर घोड्यावरून इथं बेंगळूरला आले आणि इथलेच झाले. छावणीत जो तो आपलं ताट घासायचा, तीच शिस्त पुढं चालत आली. पुरावा म्हणून भिंतीवर एक गंजकी तलवार होती, तिची दसऱ्याला पूजा होई. अण्णा स्वतः टेलिफोनच्या कारखान्यात हिशेब तपासायचे आणि मल्लेश्वरमच्या बाजारात बैल दिसला तरी रस्ता ओलांडायचे. पण सरदार म्हटलं की छाती अशी फुगायची की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटावी.

मी तेव्हा पस्तिशीची, बिनलग्नाची, बँकेत नोकरीला. शाळा सगळी कन्नडमधून झालेली. मराठी मला आमच्या आत्यानं शिकवली, जिला अख्खी गल्ली अक्का म्हणते. आई आम्ही लहान असतानाच गेली, मला आणि धाकट्या बहिणीला अक्कानंच वाढवलं. दोन-चार दिवाळी अंकांत माझ्या गोष्टी छापून आल्या होत्या, त्यामुळे डोक्यात वारं शिरलेलं. नव्वद सालानंतरचे दिवस, गावात कॉम्प्युटरच्या कंपन्या निघायला लागल्या होत्या, रोज नवीन पुणेकर उगवत होते आणि आम्हाला विचारत होते, "तुम्ही मराठी? इथले? कसं काय बुवा?" एकदा छापूनच द्यावं यांना उत्तर, म्हणून मी सरदारावर कादंबरी लिहायला घेतली.

सरदार झकास निघाला. घोडा, मिशी, पैजेचा विडा, सगळं जिथल्या तिथं. पण एका संध्याकाळी तो छावणीत जेवला आणि माझी गाडी अडली. ताट घासायला तर पाहिजे! शेवटी लिहून टाकलं: 'सरदारांनी मिशीला पीळ दिला आणि राख मागवली.'

अक्का अंगणात बसून अवरेकाळू, म्हणजे पावटे, सोलत होती. भिजवलेला दाणा चिमटीत दाबायचा की साल हातात आणि दाणा परातीत. मी तिला ते पान वाचून दाखवलं. ती इतकी हसली की एक दाणा उडून थेट तुळशीत गेला.

"काय झालं हसायला?"

"अगं, तुझा सरदार भांडी घासतोय!"

"मग? आपल्याकडे घासतातच की."

"आपल्याकडे गं. सरदारांकडे? खुळी का तू? त्या सरदाराची भांडी कोण घासत होतं ते बघ. ती आपली."

मला उलगडा होईना. तिनं परात बाजूला सारली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मला मोरीवर घेऊन गेली. ही गोष्ट मोरीवरच सांगायची असते, म्हणाली. तिला तिच्या आईनं इथंच सांगितली होती, आईला तिच्या सासूनं.

आमच्या मूळबाईचं नाव कुणाला ठाऊक नाही. लहानपणी दुष्काळात तिला विकलं. कुणी विकलं, तेही ठाऊक नाही. सरदाराच्या बायकोला माहेरहून हंडे-परातींबरोबर आंदण म्हणून मिळाली. कुणबीण. म्हणजे विकत घेतलेली बाई. तिनं जन्मभर राबायचं आणि तिला मूल झालं तर त्यानंही. फौजेच्या मागून ती पायी इथवर आली, डोक्यावर भांड्यांचा हारा घेऊन. आल्यापासून पंगतीमागून पंगती उष्टी काढली. पुढं फौज हलली, सरदाराचं घर गेलं, आणि त्या गडबडीत ही इथल्याच एका लोहाराच्या घरात लपली ती राहिलीच. त्याच्याशी संसार केला. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर लोहारानं सवयीनं ताट पुढं सरकवलं. तेव्हा ती म्हणाली, "माझं मी उचलीन. तुझं तू. या घरात कुणी कुणाचं उष्टं काढायचं नाही."

"आणि तलवार?" मी विचारलं.

"ती सरदाराचीच. धार लावायला लोहाराकडं दिली आणि विसरून गेला. भोपळा चिरायला घेतली तिनं. चांगली चालायची म्हणे."

मला हसू आलं, पण भांड्यांबरोबर दिलेली ती पोर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी अक्कावर चिडले, "इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तुला सरदार पाहिजे होता."

"आणि अण्णांना?"

"बाप्यांना तलवार दिली की पुरतं," अक्का म्हणाली आणि परत पावट्यांकडे गेली.

मी सगळी पानं फाडली आणि नव्यानं सुरुवात केली. आता कादंबरी घोड्याच्या मागून पायी चालली. काही महिन्यांनी अण्णांनी माझ्या टेबलावरची पानं वाचली. वाचून झाल्यावर चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ही कोण बाई?"

"आपली मूळबाई."

कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तेव्हा मी अक्काचं नाव घेतलं. अण्णा अक्काकडे गेले. आत काय बोलणं झालं मला कळलं नाही, पण बाहेर आले तेव्हा दसऱ्याच्या आधीच कुणी तलवार काढून नेल्यासारखं तोंड झालं होतं. मला म्हणाले, "खरं असेल. नाही म्हणत नाही. पण पोरीचं लग्न मोडायचंय का तुला?"

त्यांचंही चुकत नव्हतं. माझ्या बहिणीनं एका पुण्याच्या मुलाशी लग्न ठरवलं होतं, कॉम्प्युटरवाल्या नव्या पुणेकरांपैकीच एक. मुलगा गुणी. त्याचे वडील मात्र कूळ, मूळ, गोत, सनद, सगळं गाळून घेणारे. 'सरदार घराणं' या एका शब्दावर ते राजी झाले होते आणि आता घर बघायला येणार होते. कुणबीण हा शब्द त्यांच्या कानावर गेला की संपलं. बहीण माझ्याशी भांडली नाही, हेच मला जास्त लागलं. "ताई, तू लिही," म्हणाली, "पण स्वल्प थांब ना गं." आणि रडायला लागली. मी पानं ट्रंकेत टाकली आणि मूग गिळून बसले.

आता अण्णांपुढं प्रश्न ताटांचा. असल्या पाहुण्यांना भांडी घासायला कसं सांगणार? त्यांनी अक्काला पटवायला बघितलं. "त्या केर काढणाऱ्या बाईला सांगू. एका दिवसापुरतं."

"एका दिवसापुरती कुणबीण?" अक्का म्हणाली.

"अगं, लोकांच्या घरी काढतातच की!"

"लोकांच्या घरी काढू देत. इथं मी मेल्यावर."

त्या आठवड्यात अण्णांनी दोनदा दाढी करताना कापून घेतलं.

पाहुणे आले. पुरणाचे ओब्बट्टू, कोसंबरी, चित्रान्न, अक्कानं काही बाकी ठेवलं नव्हतं. होऊ घातलेले व्याही भरपूर जेवले आणि भरपूर बोलले. आमच्या मराठीत त्यांनी चार चुका काढल्या, सांबारात पाचवी. त्यांची बायको बेतानं जेवत होती आणि नवऱ्याच्या ताटातलं मीठ संपलं की न सांगता वाढत होती. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मुलगा जेवून उठला, आपलं ताट उचललं आणि सवयीनं मोरीकडे निघाला. तो वर्षभर आमच्याकडे जेवत होता, पण हे त्यानं आपल्या घरी सांगायचं राहूनच गेलं होतं!

त्याच्या आईचा घास हातातच राहिला. "अरे, हे काय? घरी पाण्याचा तांब्या हलवत नाहीस तू!"

"इथं असंच असतं, आई. आपापलं," तो आतून म्हणाला आणि नळ सोडला.

"फौजी शिस्त," अण्णा घाईघाईनं म्हणाले. "छावणीत आमचे सरदार स्वतःचं..."

व्याह्यांनी ढेकर दिली. "छे हो! सरदार आणि भांडी? कुणी सांगितलं तुम्हाला? उष्टी काढायला कुणबिणी असायच्या. आंदणात द्यायचे, परातींच्या जोडीनं. त्यांची काय मोजदाद! एखादी मेली तर परात हरवल्याइतकीसुद्धा हळहळ नसेल." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले.

बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला. अक्का ताटातल्या भाताकडे बघत होती, तिनं मान वर केली नाही. अण्णांनी मात्र तिच्याकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिले. आता हे हसून वेळ मारून नेतील, असं मी धरून चालले होते. कारखान्यात साहेबापुढं त्यांनी जन्मभर तेच केलं होतं.

"त्यातलीच एक आमची," अण्णा म्हणाले.

"काय म्हणालात?"

"आमची मूळबाई. विकत घेतलेली होती. सरदाराचं आम्ही कुणी लागत नाही. ही शिस्त तिनं घातलेली आहे, आणि तुम्ही आत्ता जिला हसलात ती माझी आजी आहे. पंधरा पिढ्या मागची असेल, पण आजी आहे." माझे भित्रे, बैलाला वाट देणारे अण्णा! मला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, आणि बहिणीकडे बघायची हिंमत होत नव्हती.

व्याह्यांचं तोंड उघडं होतं आणि हात ताटात वाळत चालला होता. मोरीवरचा नळ तेवढा वाहत होता.

मग त्यांची बायको उठली. तिनं आपलं ताट उचललं. सवयीनं नवऱ्याच्या ताटाकडेही तिचा हात गेला, मध्येच थांबला, आणि तिनं तो मागं घेतला.

"मोरी कुठं आहे?" तिनं अक्काला विचारलं. आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमचं तुम्ही आणा."

व्याह्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग उठले आणि तीर्थप्रसाद धरावा तसं दोन्ही हातांत ताट धरून बायकोच्या मागं गेले. घासता मात्र येत नव्हतं. मुलानं दाखवलं.

अक्कानं त्या बाईला मोरीवर सगळी गोष्ट सांगितली. तिचं ताट केव्हाच लख्ख झालं होतं, तरी ती घासत राहिली. शेवटी म्हणाली, "आमच्याकडंही अशी कुणी असणारच हो. आम्ही विचारलंच नाही." मग बहिणीला जवळ घेतलं आणि ओल्या हातानंच तिच्या गालावरून हात फिरवला.

लग्न वैशाखात झालं. व्याह्यांनी पंगतीत आपलं केळीचं पान सगळ्यांना दिसेल असं उंच धरून नेलं, आणि येताना मला विचारलं, "पण त्या सरदाराचं पुढं काय झालं?" मी सांगितलं, ठाऊक नाही, तलवार न्यायला तो परत आला नाही.

त्या दसऱ्याला सगळे घरी जमलो. माझी ट्रंक उघडी होती, पानं टेबलावर होती. अण्णांनी नेहमीसारखं तलवारीला गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, हात जोडले. मग ती भिंतीवर न टांगता हातात घेऊन स्वयंपाकघरात आले आणि अक्कापुढं धरली.

"घे," म्हणाले. "भोपळा चिर."