सोडलेले मासे

कौसल्या लग्न होऊन आली तेव्हा गावात पाणी नव्हतं. नदी होती, पण ती पावसाळ्यापुरती. तिचा नवरा भिवा खरात दीड एकरात बाजरी आणि तूर घ्यायचा. उरलेले दिवस दुसऱ्याच्या रानात राबायचा. मग धरण झालं. गाव पाण्याखाली गेलं, दीड एकरही गेलं. परतूरच्या रस्त्याला नव्या गावठाणात पत्र्याचं घर बांधण्यापुरती जागा मिळाली. दारात उभं राहिलं की नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी.

"आता काय पानी नांगरायचं का?" भिवा म्हणाला होता.

त्यानं ते खरंच केलं. मच्छीमार संस्थेतला रामकिसन भोई जन्मापासून पाण्यातला माणूस. त्यानं भिवाला ट्रकच्या ट्यूबवर बसवलं आणि पाण्यात ढकलून दिलं. भिवा तीनदा उलटा झाला. काठावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. कौसल्याही हसली.

"वहिनी, ह्याला बैलाची शेपटी धरायची सवय," रामकिसन ओरडला. "मासळीला शेपटी असती, पन ती धरून चालत न्हाई!"

भिवा शिकला. आधी पोहायला, मग जाळं टाकायला. जाळं शिवायला मात्र कौसल्याच शिकली. भिवाची बोटं जाड होती, नायलॉनचा धागा त्यांचं ऐकायचा नाही. संध्याकाळी तो जाळं टाकून यायचा. सकाळी काढायचा. कौसल्या काठावर बसून मासे सोडवायची आणि टोपलं घेऊन परतूरच्या बाजारात बसायची. रोहू, कटला, कधी मरळ. पुढे चिलापी आली. सगळ्यांनी तिला आधी शिव्या दिल्या, बाहेरून आलेली म्हणून. मग खाल्ली. मग तिच्यावरच घरं चालली. लेकीचं, सुमेधाचं, नर्सिंगचं शिक्षण चिलापीवर झालं. ती जालन्याच्या एका दवाखान्यात लागली तेव्हा भिवानं संस्थेच्या सगळ्या लोकांना पेढे वाटले.

मग जाळ्यात तो मासा आला.

काळपट, अंगावर वाघासारखे पट्टे. खवले नव्हते, बाभळीच्या सालीसारखं कवच होतं. तोंड पोटाखाली. पंख असे ताठ पसरलेले की पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणायला लागली. शिकलेले लोक सकर म्हणत. शहरात काचेच्या पेटीत ठेवतात, काच चाटून साफ करतो म्हणून. मोठा झाला की पेटीत मावत नाही. मग कुणीतरी नदीत नेऊन टाकतं. कुणी टाकला, कधी टाकला, कुणालाच माहीत नव्हतं.

भिवानं पहिला मासा घरी आणला. कौसल्यानं विळीवर घातला, तर विळीच सरकली. कसाबसा शिजवला. आत चिमूटभर मांस. कुत्र्यासमोर टाकला. कुत्र्यानं हुंगला आणि कौसल्याकडे पाहिलं.

"त्येला बी कळतंय," भिवा म्हणाला.

वर्षभरात निम्मं जाळं असल्या माशांनीच भरायला लागलं. पंखांचे काटे धाग्यात असे अडकत की जाळं कापल्याशिवाय मासा निघत नसे. कौसल्या रोज भोकं शिवायची, रोज नवी पडायची. चिलापी कमी होत गेली. मरळ तर दिसेनाशीच झाली. संस्थेनं ठरवलं, हा मासा पुन्हा पाण्यात टाकायचा नाही. काठावर टाकायचा. मरू द्यायचा.

पण तो मरत नसे.

हीच गोष्ट कौसल्याला सहन होईना. रोहू पाण्याबाहेर काढला की थोडी तडफड आणि संपलं. हा सकाळी टाकलेला दुपारच्या उन्हातही जिवंत असायचा. पोटाखालचं तोंड उघडायचा, मिटायचा. उचलला तर अंगातून आवाज यायचा, कर्र कर्र, चावी भरलेल्या खेळण्यासारखा. ढिगाऱ्यातून असे पाच-पंचवीस आवाज. बाकीच्यांना ऐकू यायचे नाहीत असं नाही. पण बाकीचे निघून जायचे. कौसल्याला जाळं शिवत तिथंच बसावं लागे.

ती दर पौर्णिमेला विहारात जायची. शेजारची गिरिजाबाई तिची थट्टा करायची. "मासे विकती आन् पैलं शील म्हनती. जीव मारनार न्हाई म्हनं!"

"पोटासाठी मारलं ते पोटाला सांगता येतं," कौसल्या म्हणायची. "उगंच वाळू घातलं ते कुणाला सांगायचं?"

एक दिवस सगळे गेल्यावर तिनं ढिगाऱ्यातले जिवंत मासे टोपल्यात भरले आणि पाण्यात सोडले. ते क्षणभर तसेच पडून राहिले. मग शेपटी हलवून खाली गेले. तिला त्या रात्री झोप लागली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच केलं. मग रोजच.

भिवानं पाहिलं ते कितीतरी दिवसांनी. तंबाखूची पुडी विसरली म्हणून तो परत आला होता. कौसल्या गुडघाभर पाण्यात उभी, हातात रिकामं टोपलं.

"काय करून राह्यली?"

तिनं टोपलं पाण्यात विसळलं.

"आगं, सकाळी म्या काढायचे आन् दुपारी तू सोडायचे! हे तर सरकारी काम झालं."

"तडफडतेत, आवं."

"आन् आपन न्हाई का तडफडत? जाळं बघ कसं झालंय. रामकिसनला कळलं तर संस्थेतून काढून टाकील मला."

"काढू द्या."

भिवानं डोक्याला हात लावला. दगडावर बसला. बराच वेळ तंबाखू मळत राहिला. तो चिडला की फार मळायचा. मग म्हणाला, "हितं नको सोडू. माझं जाळं हितं असतं. सोडायचेच तर तिकडं, बाभळीच्या अंगाला सोड. तिकडं कुनी जाळं टाकत न्हाई."

त्या बाजूला जुन्या गावाच्या बाभळी पाण्यात बुडालेल्या होत्या. जाळं खोडांत अडकायचं, म्हणून कुणी जात नसे. त्या दिवसापासून कौसल्या टोपलं डोक्यावर घेऊन काठाकाठानं तिकडे जायला लागली. भिवानं कुणाला सांगितलं नाही. एकदा तिचा पाय मुरगळला होता, तेव्हा टोपलं त्यानंच नेलं. येताना हसत होता. "एकानं जाताना माझ्याकडं बघितलं बग. जयभीम घातला असंल."

यंदा उन्हाळ्यात पाणी उतरलं. इकडच्या अंगाला काहीच मिळेना. दोन दिवस जाळं रिकामं आलं, तिसऱ्या दिवशी दोन चिलाप्या. तिसऱ्या दिवशीच संध्याकाळी चहा पिताना भिवा म्हणाला, "आज बाभळीकडं टाकून बघतो. तिकडं खोल हाय. चिलापी तिकडंच गेली असंल."

कौसल्याच्या हातात कपबशी होती. तिकडे काय आहे हे तिला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. नका जाऊ, असं तिच्या तोंडापर्यंत आलं. पण घरात पीठ संपत आलं होतं आणि तो चप्पल घालत होता. ती म्हणाली, "जल्दी या."

तो जाळं टाकून आला. जेवला. झोपला.

सकाळी तो काढायला गेला. कौसल्या मागून टोपलं घेऊन पोचली तेव्हा त्याचा थर्माकोलचा तराफा पाण्यावर दिसत होता. तराफ्यावर कुणी नव्हतं.

तिनं हाक मारली. मग नुसतं ओरडत राहिली. रामकिसन आणि त्याची माणसं ट्यूबा घेऊन गेली. दुपारी त्याला काढलं. जाळं जड झालं होतं, खोडाला अडकलं होतं. ओढताना तराफा कलला असावा, पाय जाळ्यात गेला असावा. रामकिसननं असं सांगितलं. त्याहून जास्त कुणालाच माहीत नव्हतं.

त्याला जाळ्यासकट काठावर आणलं. जाळ्यात मासेच मासे होते. काळे, पट्टेवाले.

मासे जिवंत होते.

जालन्याहून सुमेधा आली. विहारातली माणसं आली. वंदना झाली. सगळ्यांनी शीलं म्हटली. कौसल्या पहिल्या शीलाला गप्प राहिली, दुसऱ्यापासून म्हणायला लागली. गिरिजाबाईच्या ते लक्षात आलं. तिनं कौसल्याचा हात धरला.

सुमेधानं पुढचं ठरवलं होतं. "माय, तू माझ्यासंगं जालन्याला चल. हितं काय ठेवलंय आता? रोज त्या पान्याकडं बघत बसशील."

"चल," कौसल्या म्हणाली. कुणी काहीही म्हटलं तरी ती त्या दिवसांत "बरं" किंवा "चल" म्हणत होती.

निघायच्या सकाळी ती रामकिसनला भेटायला काठावर गेली. सुमेधा पिशव्या घेऊन मागे उभी होती. रामकिसन जाळं झटकत होता. बाजूला ढीग होता. त्यातून आवाज येत होते.

"भाऊजी, एक सांगायचं व्हतं."

"बोला, वहिनी."

तिनं सगळं सांगितलं. टोपलं. बाभळीची बाजू. कपबशी. सुमेधानं पिशव्या खाली ठेवल्या.

रामकिसननं जाळं झटकायचं थांबवलं. मग म्हणाला, "मला माहीत व्हतं, वहिनी. टोपलं घेऊन जाताना बघितलंय म्या तुमाला. भिवालाबी बघितलं."

"मंग बोलले का न्हाई?"

"काय बोलायचं? ह्या धरनात किती हायेत ते मोजायला देव आला तरी थकंल. तुमच्या टोपल्यानं काय फरक पडतोय? बिलकुल न्हाई. भिवा तुमच्या माशांनी न्हाई गेला. हे डोक्यातून काढून टाका."

तो चांगल्या मनानं बोलत होता. कौसल्याला ते कळत होतं.

"फरक न्हाई पडत," ती म्हणाली. "मंग म्या वाचिवले तेबी वाचिवले न्हाईत म्हना की."

रामकिसननं खिशातून तंबाखू काढली आणि तशीच परत ठेवली.

कौसल्या ढिगाऱ्याजवळ बसली. वरचा मासा उचलला. कर्र कर्र. पाणी दहा पावलांवर होतं. सुमेधाला वाटलं, आता ही उठेल आणि त्याला पाण्यात सोडेल. रामकिसनलाही तसंच वाटलं असावं. त्यानं तोंड फिरवलं. पाहिलंच नाही म्हणजे अडवायला नको.

कौसल्यानं मासा सपाट दगडावर ठेवला. धुणं धुवायला आलेल्या कुणाचं तरी धोपाटणं तिथं पडलेलं होतं. ते घेतलं. डोक्यावर मारलं. कवच टणक होतं, धोपाटणं उडालं. मासा तोंड उघडत राहिला. तिनं दोन्ही हातांनी धरून पुन्हा मारलं. पुन्हा. तेव्हा आवाज थांबला.

"माय!" सुमेधा धावत आली. "काय करती तू? सोड ते."

"एका दणक्यात जायला पायजे," कौसल्या म्हणाली. तिला दम लागला होता. "मला बराबर जमलं न्हाई. डोळ्याच्या मागं मारायला पायजे."

"चल, गाडी जाईल."

"तू जा."

"माय, ऐक ना."

"दिवसभर कुनी हितं बसत न्हाई. सगळे टाकून जातेत. तुझा बाबा एकट्यानं किती वेळ..." तिनं पदरानं तोंड पुसलं. पदराला माशाचा वास होता.

रामकिसननं जाळं खाली ठेवलं. तो तिच्याजवळ आला. ढिगाऱ्यातला एक मासा त्यानं उचलला, दगडावर ठेवला आणि शेपटीकडून घट्ट दाबून धरला, म्हणजे तो सरकणार नाही.

"आता मारा," तो म्हणाला.