पातेल्यातले गिअर

अंबरनाथला आम्ही बिऱ्हाड थाटलं तेव्हा यांच्या कारखान्यात सूत गुंडाळायची यंत्रं होती. त्यांचे पितळी गिअर दिवसभर एकमेकांवर खडखडायचे, आणि हे तो खडखडाट कानात घेऊनच घरी यायचे. मला हाक दोनदा मारावी लागे. पुढे पुढे तीनदा. "कानांना विश्रांती मिळाली की होईल ठीक," हे म्हणायचे. मीही तीच आशा धरून बसले होते.

मग कुठून तरी नायलॉनचा जाड दांडा आला. माझ्या लेखी नायलॉन म्हणजे श्रीमंत बायकांची साडी! यांनी त्यातून लेथवर गिअर कातले. सायीच्या रंगाचे, हातात घेतले तर हलकेफूल. तेल नको, गंज नाही, आवाज तर नाहीच, असं हे कौतुकाने सांगत होते. पण पहिल्याच गिअरचे दाते तडकले.

"कोरडं नायलॉन ठिसूळ असतं. पाणी प्यायलं की चिवट होतं," हे म्हणाले. "उकळायला हवेत. तुझं मोठं पातेलं दे."

"अहो, त्यात मी खीर करते!" मी ओरडले. ओरडल्याशिवाय चालतच नव्हतं. पण दिलं. उल्हासनगरच्या कॅम्पातून आणलेलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, माझं सर्वांत लाडकं. नायलॉन पाण्याने फुगतं, म्हणून यांनी नवे गिअर केसभर बारीकच कातले होते. दुपारभर ते शेगडीवर रटरटत राहिले. पाणी आटलं की मी तांब्याभर ओतायची. वाफेने खिडकीतले बदलापूरकडचे डोंगर पुसट झाले, खोली कुठेतरी तरंगत निघाल्यासारखी वाटू लागली. पातेल्यात डोकावून मी पुटपुटत होते, प्या रे बाबांनो, पोटभर प्या. शेजारीण दारातून म्हणाली, "काय वहिनी, आज कसले मोदक?"

ते गिअर टिकले. काही महिने यंत्र त्यांच्यावरच चाललं, आणि मी यांचे कान सुधारायची वाट बघत राहिले.

दसऱ्याला यंत्रांची पूजा असे, तेव्हा घरच्यांनाही आत सोडत. नारळ फुटल्यावर यांनी खास माझ्यासाठी यंत्र सुरू केलं. पांढरी चक्रं संथ फिरू लागली. यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

"बघ, येतोय का जरा तरी आवाज?"

यंत्र गुणगुणत होतं. हळू, पण दारापर्यंत सहज ऐकू येईल इतकं. यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत मी म्हणाले, "नाही हो. अजिबात नाही."