चौथं लाल कव्हर

भूतबाधा, शाप असल्या गोष्टींची मी आयुष्यभर टिंगल केली. वीस वर्षं विमानदलात इलेक्ट्रॉनिक्सचं काम केलंय, आता चौसाळ्यात हायवेलगत रिपेअरिंगचं दुकान आहे. आवाजात खरखर कुठून येते ते मला कळतं. यंदा पंधरा ऑगस्टला शाळेत जे झालं, त्यातला फॉल्ट सापडला असता तर हे लिहिलंच नसतं...

मुख्याध्यापक म्हणाले, "सर, पोरांना तुमच्या स्क्वाड्रनचा इतिहास सांगा."

सांगायला लागलो. आमची विमानं बॉम्ब टाकायची नाहीत, शत्रूच्या रडारच्या कानात गोंगाट भरायची. त्याला जॅमिंग म्हणतात. आधी कपाटाएवढ्या पेट्या होत्या, मग पंखाखाली टांगायचा लांबट डबा, म्हणजे पॉड आला. त्याला चार अँटेना, जमिनीवर असताना चारींवर लाल कव्हरं. उड्डाणाआधी ती काढून उंच धरायची, पायलट आतून मोजणार आणि मगच विमान हलणार.

इथवर माईक स्वच्छ. मग माझ्या जोडीला काम करणाऱ्या शिवलिंगचा किस्सा काढला. सवयीनं म्हणालो, "एकदा आमच्या शिवलिंगच्या हलगर्जीपणामुळे—"

टिक. टिक. टिक. मग एका टिकेइतकी रिकामी जागा. परत टिक, टिक, टिक...

"अहो, काय लावलंय?" मुख्याध्यापक माईकवाल्यावर ओरडले.

"मी कुटं काय केलं? त्यास्नीच इचारा!"

मी विमानाबद्दल बोललो की आवाज साफ. शिवलिंग म्हटलं की टिकटिक. पीटीच्या सरांचा बॅटरीवरचा भोंगा घेतला. त्यातही तेच! पोरं हसत होती. मी मात्र तो आवाज ओळखला. आमच्या पॉडचा टेस्ट टोन, उड्डाणाआधी तपासणीला ऐकायचा तो. चार अँटेनांच्या चार टिका. एक झाकलेली राहिली, तर तीन.

आता खरं सांगतो. त्या सकाळी कव्हरं काढायचं काम माझं होतं. तीन निघाली, पहाटेच्या अंधारात चौथं दिसेना. वाटलं, वाऱ्यानं उडालं असेल. टेस्ट टोन ऐकायचाही मी कंटाळा केला. खिशातलं जुनं स्पेअर काढून चार पूर्ण करून दाखवली. पायलटनं अंगठा वर केला. चौथं कव्हर अँटेनावरच राहिलं होतं; वर गेल्यावर पॉड जळाला. विमान कसंबसं उतरलं.

चौकशीत मी लिहून दिलं की कव्हरं शिवलिंगकडे होती. खाली सही केली. कव्हरं काढली तेव्हा तो आम्हा दोघांसाठी चहा आणायला गेला होता! त्याची नोकरी गेली. निघताना स्टेशनवर एवढंच म्हणाला, "माझं बोलणं दाबलंस बे तू. मेलो तरी तुझं दाबीन."

मग तो आपल्या गावी, धर्मापुरीत, बापाच्या किराणा दुकानात बसायचा. लोक म्हणायचे, मिल्ट्रीतून हाकललाय. सहा वर्षांपूर्वी गेला.

त्या कार्यक्रमानंतर मी धर्मापुरीला गेलो. त्याची बायको, महादेवी वहिनी, दारातच उभ्या राहिल्या. सगळं कबूल केलं, पाया पडायला वाकलो.

"पाय कावून धरता भावजी? मला ठाऊकच हाय. जिथं खोटं बोललात, तिथंच खरं बोला. मी येते ऐकायला."

शनिवारी शाळा भरल्यावर परत माईक घेतला. वहिनी पहिल्या रांगेत. "पोरांनो, चूक शिवलिंगची नव्हती. माझी—"

टिक. टिक. टिक.

तीनदा प्रयत्न केला. शेवटी माईक टाकून ओरडलो, तर सगळे भोंगे आपोआप इतके मोठ्यानं वाजायला लागले की पोरांनी कान झाकले.

वहिनी उठल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"तुमच्या तोंडचं त्यास्नी नकोय. माफी तर न्हाईच. सही करून बुडवलं न्हवं? मग सही करूनच लिवा. लई जणांनी वाचलं पायजे."

म्हणून हे छापायला लिहितोय. शिवलिंगनं काही चुकवलं नव्हतं. चौथं कव्हर मी विसरलो, खोटी सही मी केली. आज या कागदाखालची सही खरी आहे.

माईक, वायर, भोंगे सगळं मी स्वतः उघडून तपासलं. कशातच दोष नाही. कारण अजूनही सांगता येत नाही. भर दुपार आहे, दुकानातली लाईट गेलीय, आणि टेबलावरच्या सेल नसलेल्या रेडिओत आत्ता तीन टिका वाजल्या...

सही केली. कान लावून बसलोय. चौथी अजून वाजलेली नाही.