आमच्या दवाखान्याची वीज जाते कुठे?

पेशंट बरे होऊन घरी जातात, किस्से मात्र आमच्याकडे ॲडमिटच राहतात! द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं मेंटेनन्स सांभाळला. जुनी मंडळी चहाला जमली, की कुठल्या पेशंटला काय झालं होतं ते कोणालाच आठवत नाही. पण मोठ्या सरांनी वीज वाचवायला घेतली, ते दिवस मात्र सगळ्यांना पाठ!

सर लहान मुलांचे डॉक्टर. प्रश्न विचारायची सवयही मुलांचीच लागलेली. नव्वदच्या दशकात एकदा मला म्हणाले, "वॉर्ड अर्धे रिकामे, तरी मीटर पळतोच आहे. ही वीज जाते कुठे, मला बघायचंय!"

*

एका रविवारी ओपीडीतले सगळे दिवे-पंखे बंद करून आम्ही ओपीडीच्या मीटरसमोर उभे राहिलो. तबकडी फिरतच होती! सर पुढे, मी मागे, एकेक दार उघडत निघालो. टोकाच्या बंद खोलीत एसी जोरात चालू. तपासणीच्या टेबलावर पांढरी चादर, तिच्याखाली काहीतरी फुगलेलं. सरांनी चादर उचलली. खाली झेंडू! आमच्या वॉचमनच्या घरची मखमलाबादला फुलशेती. उकाड्यात माल सुकू नये म्हणून मेट्रन सुमनताईंनीच खोली उघडून दिलेली.

सरांनी ताईंना बोलावून घेतलं. "यांना डिस्चार्ज कधी?"

"उद्या सकाळीच, सर. दसरा आहे ना!"

*

मग वॉर्डातले पिवळे बल्ब जाऊन पांढरे सीएफएल आले. संध्याकाळी देवळ्याच्या एका पेशंटचा मुलगा धावत आला. "डाक्टरीणबाई, आमचे आबा काल बरे होते. आज पार पांढरेफटक पडलेत! रक्त कमी झालं का?"

डॉक्टरीणबाई नवीन होत्या. त्यांनी लगेच तपासणी लिहून दिली. रिपोर्ट एकदम नॉर्मल. मग बेसिनवर हात धुताना त्यांची नजर आरशात गेली.

"सुमनताई, माझंही रक्त पाठवा हो!"

*

सगळ्यात अवघड काम ऑपरेशन थिएटरचं. आमच्या सर्जनसाहेबांना एसी सोळावरच लागायचा. सर विचारायचे, "एवढी थंडी नक्की कोणासाठी?" साहेब म्हणायचे, "पेशंटसाठी!"

एकदा सिन्नरकडच्या एक आजी ऑपरेशनला आल्या. कमरेखाली बधिर, वर पूर्ण जाग्या, आणि दात कडाकडा वाजतायत. साहेबांनी प्रेमाने विचारलं, "आजी, भीती वाटते का?"

"भ्या कसलं बाबा! एवढंच सांग, आप्रेशन करतो का माझी कुल्फी?"

*

पुढे भारनियमन आलं आणि जनरेटर रोजचाच झाला. सर तेव्हा कुठल्याशा परिषदेत कार्बन, हवामान असं बरंच काही ऐकून आले होते. एका दुपारी ते दम्याच्या एका मुलीजवळ बसले होते. जनरेटर सुरू झाला की तिचा खोकला वाढायचा, बंद झाला की उतरायचा. सरांना नवल वाटलं. उठून खिडकीशी गेले. खालून आमचाच धूर वर येत होता!

सरांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "आजार आपला, औषधही आपलंच. धंदा झकास आहे!"

त्याच आठवड्यात मी धुराचा पाइप गच्चीवर नेला. निम्मी यंत्रं जनरेटरवरून काढली. पुढे पाणी तापवायला सोलरही बसलं.

*

येवल्याच्या एका विणकराची बायको, शबाना. तिचं बाळ वेळेआधी झालेलं, ओंजळीएवढं, ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत ठेवलेलं. भर दुपारी लाइट गेली आणि नेमका जनरेटर सुरू होईना. मी खाली त्याच्याशी झगडतोय, वर पेटी गार होत चाललेली.

सरांनी बाळ बाहेर काढलं, शबानाच्या उघड्या छातीशी लावलं आणि वरून शाल गुंडाळली. "हलू नका. आता तुम्हीच मशीन!" सुमनताई थर्मामीटर झटकून पुन्हा पुन्हा लावत होत्या. पारा उतरला नाही. उलट हळूहळू वर सरकला!

शेवटी एकदाचा जनरेटर चालू झाला. मी धापा टाकत वर पोचलो. "सर, आली लाइट! ठेवा बाळाला पेटीत!"

सरांनी हात पुढे केले. शबानाने शाल आणखी घट्ट धरली.

"थांबा ना, साहेब. आत्ता कुठं शांत झोपलाय."

सरांनी पाऱ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग वळले, आणि स्वतःच्या हाताने पेटीचं बटण बंद केलं.