मॅडमची दोन बोटं

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षर तर कोंबडीचे पाय. शाळा चौथीत सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण मॅडमबद्दल मी नाही लिहिलं तर कोण लिहिणार?

कतारला, दोहा शहरात, अल हिलाल भागातल्या व्हिलात मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. मॅडम युरोपातल्या, सत्तरी उलटलेल्या. मुलींना बॅले शिकवायच्या, म्हणजे पायाच्या टोकांवर उभं राहून करायचा नाच. स्वतःचे गुडघे गेलेले, म्हणून हातांनी नाचायच्या. ओट्यावर एका हाताची दोन बोटं पायांसारखी चालायची, दुसरा हात गिरकी घ्यायचा. नजर भलतीकडेच. बोटं आपली चालतायत.

"हात माझे, शालू," त्या मोडक्या हिंदीत म्हणायच्या. "चालते ती."

ती म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीची एक नर्तकी. तेव्हा नाटकघरात गॅसचे उघडे दिवे असायचे. एका दिव्याने तिचा झगा पेटला. जीव वाचला, पाय गेले. मग खुर्चीत बसून तिने हातांनीच नाच बसवले आणि जाहिरातीत नाव लागलं नाटकघराच्या मालकाचं. म्हणून शेवटचा नाच तिने कागदावर उतरवू दिला नाही. एका शिष्येला दिला, तिने पुढे दुसरीला. असा तो मॅडमपर्यंत आला.

मॅडमनी तो अनन्याला द्यायला घेतला. पुण्याच्या इंजिनिअरची मुलगी. मुलींत तीच त्यांना पसंत. "पाय खोटं बोलतात, हात चुगली करतात," म्हणायच्या, "हिचे दोन्ही खरं बोलतात." निम्मा शिकवून झाला आणि तिच्या वडिलांना कंपनीने तासाभरावरच्या अल खोरला घर दिलं. एवढ्या लांबून कोण आणणार? क्लास सुटला. मॅडमना तेव्हाच धाप लागायला लागली होती.

एका दुपारी पडदे ओढून त्यांनी माझे कणकेचे हात धरले. "यल्ला, चल, बघ."

"मला नाच येत नाही, मॅडम."

"तिला तरी पाय कुठे होते? बस."

मी शिकले. एका जागी बोटं थांबायची आणि मान मागे वळवायची. "मागे काय आहे?" मी विचारलं.

"विचारू नको. वळ."

मी वळायचे. मागे नुसतं बंद दार. पण मानेला शेक लागायचा.

मॅडम गेल्या. मला मुऐदर भागात दुसऱ्या घरी काम मिळालं. तिथे माझे हात आपोआप चालू लागले. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आमचे हे जेवायला आले. "चपात्या करतेस की कणकेला नाचवतेस?" म्हणून हसले. मग त्यांनी घास खाली ठेवला. मी हात ओट्यावर दाबून धरला होता, तरी बोटं थांबत नव्हती.

हे अल खोरच्या बसवर ड्रायव्हर. म्हटलं, मला तिथे अनन्याच्या घरी न्या. मी आपणहून कुणाच्या दारात कधी गेलेली नाही. बेल दाबायलाच धीर होईना. शेवटी दाबली. अनन्याच्या आईने दार उघडलं.

"कामाला बाई आहे हो आमच्याकडे."

"काम नको, ताई. अनन्याचा अर्धा नाच माझ्याकडे राहिलाय."

अनन्या आतून धावत आली. "आंटी, यू नो इट?"

जेवणाच्या टेबलावर मी हातांनी दाखवला. तिने बघितला आणि अनवाणी फरशीवर केला. त्या जागी आली, थांबली, मागे वळली.

"आई, इज समथिंग बर्निंग?"

"नाही गं. गॅस बंद आहे."

अनन्याने तो शेवटपर्यंत नेला. माझे हात मांडीवर गप्प पडले होते. ताईंनी चहा दिला. मी कप उचलला, चहा जरासुद्धा हलला नाही. तेव्हा कुठे मला मॅडम गेल्याचं रडू आलं.