फक्त प्रवासासाठी घेतलेला प्लेअर

आळेफाट्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरल्या शिरल्या मी विचारलं, "ज्याची बोटं टचस्क्रीनला कळतच नाहीत, अशा माणसासाठी काय आहे तुमच्याकडं?"

दुकानदारानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या बोटांकडं.

"माझ्यासाठी नाही," मी म्हटलं. "वडिलांसाठी."

आण्णांचा सगळा जन्म पिंपळवंडीत शेतात आणि गोठ्यात गेला. हातात खोरं नाहीतर बैलाचा कासरा. बोटांना इतक्या भेगा पडलेल्या की फोनची काच त्यांना दादच देत नसे. ते एकदा दाबायचे, पुन्हा दाबायचे, मग अंगठ्यानं घासायचे आणि शेवटी फोन माझ्या मांडीवर टाकून म्हणायचे, "ह्याला मानूस कळत न्हाई."

त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागे. सुरुवातीला ते जवळच होत होतं. पण हातातली नस बंद पडली, गळ्याजवळून नळी घालावी लागली आणि डॉक्टरांनी पुण्यालाच आणत जा म्हणून सांगितलं. भाऊ टोमॅटोच्या तोडणीत आणि बाजारात अडकलेला. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. मग ही जबाबदारी माझ्यावर आली. मी निमगाव सावाहून, माझ्या सासरहून गाडी घेऊन निघायची, पिंपळवंडीत आण्णांना मागच्या सीटवर उशीला टेकवायची आणि पुणे गाठायची.

मशीनचं त्यांना फारसं काही नव्हतं. रस्ता मात्र त्यांना खायला उठायचा. पाणी मोजून प्यायचं, त्यामुळं घशाला कायम कोरड. खिडकीबाहेर बघावं तर दुसऱ्यांची शेतं, दुसऱ्यांची जनावरं. मंचर आलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आता बास, बाई. फुडच्या बारीला मी येनार न्हाई."

डॉक्टरांनी मला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की मशीन थांबवलं तर आण्णा फार दिवस काढणार नाहीत. त्यामुळं ते 'बास' ऐकलं की मला भीती वाटायची, आणि भीती वाटली की मला राग येतो. माझा स्वभावच तसा आहे. मी म्हणायची, "गप बसा, आण्णा." ते खिडकीकडं तोंड फिरवायचे आणि ते मला बोलण्यापेक्षा जड जायचं.

मग मी ठरवलं की रस्त्याचंच काहीतरी करायचं. माणसाचं मन रमलं तर अंतर कमी होतं, एवढी अक्कल मला होती.

आधी फोन लावून पाहिला. पडदा तळहाताएवढा, आण्णांची नजर अधू. खेडच्या घाटात रेंज जायची आणि चित्र गोल गोल फिरत बसायचं. नाही फिरलं तर ऐन रंगात नातेवाइकांचे फोन, "कशी काय तब्येत?" तब्येत काय असायची? भावाच्या मुलीचा टॅब आणला, तर पुन्हा तीच काच आणि तीच बोटं. इयरफोन देऊन पाहिले, तर आण्णांनी ते चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकले. "कानात बोळं घालाया मी काय मेलोय?"

हे सगळं सांगितल्यावर दुकानदार स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून धुळीनं भरलेला एक खोका त्यानं खाली काढला. आत पाटीसारखा घडी होणारा व्हिडिओ प्लेअर होता. झाकण उघडलं की वर पडदा, खाली जाड बटणं. "आता हे कोण घेतंय, ताई? एखादं कीर्तन ऐकणारं म्हातारं असलं तरच."

बटणं दाबून पाहिली. टक टक आवाज व्हायचा, बोटाला कळायचं. तेवढ्यानंच मला निम्मा पसंत पडला. पण मी सहजासहजी पटणारी बाई नाही. प्लेअर दुकानाच्या दारात उन्हात नेला, तर चित्राऐवजी माझंच तोंड दिसायला लागलं. मी तो परत केला. दुसऱ्याचा पडदा थोडा मळकट होता, पण उन्हात दिसत होता. सीडी टाकली तर ती गतिरोधकावर अडणार, म्हणून पेनड्राइव्ह चालतो का ते पाहिलं. शेवटी दुकानदारालाच गाडीत मागं बसवलं, प्लेअर त्याच्या मांडीवर दिला आणि चौकातून चक्कर मारली. शेजारून ट्रक गेला तेव्हा विचारलं, "ऐकू येतंय का?"

"येतंय. पण लोक लग्नाची मुलगी बघतानासुद्धा इतकं बघत नाहीत, ताई."

हा बरा होता. त्याला गाडीतल्या लायटरच्या भोकात खुपसायची वायर मिळाली. घरचा चार्जर खोक्यात नव्हता. "मागवून ठेवू का?" दुकानदारानं विचारलं. "बॅटरी जुनी आहे, वायरीशिवाय जास्त दम धरणार नाही."

"घरी टीव्ही आहे," मी म्हटलं. "हा फक्त प्रवासासाठी."

पेनड्राइव्हमध्ये कीर्तनं भरली, तमाशातले जुने वग भरले आणि बैलगाड्यांच्या शर्यती भरल्या. शर्यती तर हव्याच होत्या. आमच्या जुन्नर-आंबेगावात माणसाला दोन कुळं असतात, एक आडनावाचं आणि एक बैलाचं. आण्णांचा बैल असा होता की त्याचं नाव मी इथं लिहिलं तर दोन तालुके आम्हाला ओळखतील, म्हणून लिहीत नाही. घरात कपाटाच्या वरच्या खणात त्याच्या शर्यतींच्या सीड्या होत्या, यात्रेत शूटिंगवाल्यांनी काढलेल्या. त्यासुद्धा दुकानदाराकडून पेनड्राइव्हमध्ये उतरवून घेतल्या. त्यांत काय काय आहे ते मी पाहिलं नाही. पाहायची इच्छाही नव्हती. आमच्या लहानपणी बायका शर्यतीच्या घाटात जात नसत. घाट म्हणजे शर्यतीची चढाची धावपट्टी. तिकडं एकेका गाड्याची बारी सुटायची, लाउडस्पीकरवर पुकारा व्हायचा, आणि इकडं आम्ही पाव्हण्यांसाठी पुरणपोळ्या लाटत चुलीपाशी भाजून निघायचो. ज्या बैलाचं तोंड रोज पाहिलं, त्याला पळताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

आण्णांच्या मांडीवर प्लेअर ठेवला तेव्हा त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बैल गेला आन् झोपा केला."

पण बटण दाबल्यावर पडदा उजळला, पुकारा सुरू झाला आणि आण्णा उशीवरून पुढं सरकले.

पुढचे काही प्रवास, आता सांगताना विश्वास बसत नाही, पण चांगले गेले. मागून आवाज यायचा, "आरं, दाब की," "आलं, आलं, आलं." मंचर कधी मागं पडलं ते त्यांना कळायचं नाही. मी चहाला थांबले तर ते म्हणायचे, "थांबू नको, बारी चाललीय." मी पुढं बसून आरशात बघायची आणि स्वतःवरच खूश व्हायची. वाटायचं, आपण आण्णांना बांधून ठेवलं. आता बघू कसे 'बास' म्हणतात.

मग मागचा गलका कमी कमी होत गेला. आण्णा एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावू लागले. पुकारा चढायचा, एकदम तुटायचा, लोकांचा गोंधळ ऐकू यायचा आणि टक. पुन्हा तेच. मला वाटलं, पेनड्राइव्ह बिघडला.

एक दिवस मंचरच्या अलीकडं ते म्हणाले, "गाडी बाजूला घे. मागं यून बस."

मी घाबरले. त्यांना काही होतंय असं वाटून मागं जाऊन बसले. त्यांनी प्लेअर माझ्या मांडीवर सरकवला. "बघ."

पडद्यावर घाट होता. दोन्ही अंगाला माणसंच माणसं, भंडाऱ्यानं पिवळी झालेली. गाडा सुटला. आमचा बैल मी लगेच ओळखला. त्याला पळताना बघून मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. मग अर्ध्या चढात तो मंदावला. दोन पावलं टाकली आणि थांबलाच. बाकीचे बैल ओढायला लागले, गाडा तिरका झाला. लोक आत घुसले. कुणी शेपटी पिरगाळायला धावला, कुणी हात उगारला. मग गर्दीतून काळ्या केसांचे आण्णा आले. त्यांनी सगळ्यांना ढकलून मागं काढलं, बैलाची मान मोकळी केली, डोक्याची टोपी काढून त्याचं तोंड पुसलं आणि त्याला घेऊन चालू लागले. कॅमेरा पाठमोऱ्या दोघांवर थोडा वेळ राहिला. मग पुढचा गाडा आला.

ती यात्रा मला आठवली. आण्णा त्या दिवशी लवकर घरी आले होते. बैलाचा पाय मुरगळला म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर तो बैल कधी घाटात गेला नाही. पुढं शर्यतींवर बंदी आली, त्यामुळं कुणी विचारलंही नाही.

"पाय मुरगळला होता असं तुम्ही सांगितलं होतं," मी म्हटलं.

"पाय धड व्हता. दम संपला व्हता." आण्णांनी टक करून चित्र थांबवलं. "लोक म्हनले, आजून एक हंगाम पळंल. पाजा कायतरी, टोचा कायतरी. लई जनांनी सांगितलं. मी त्याला परत जुपला का?"

"नाही."

"बाजार दाखवला का?"

"नाही."

"पेंड कमी केली? उन्हात बांधला?"

तो बैल कितीतरी वर्षं नुसता बसून खात होता. मेल्यावर आण्णांनी त्याला बांधाला पुरला, दहावा घातला, गाव जेवू घातला. मी सासरहून येऊन भाकऱ्या थापल्या होत्या आणि तोंडानं बडबडत होते की माणसाचंही कुणी इतकं करत नाही.

"मंग मला का जुपती, बाई?" आण्णा म्हणाले.

आवाजात तक्रार नव्हती. खरंच विचारत होते.

मला राग आला. दुसरं काही येईना म्हणून राग आला. "तुम्ही बैल आहात का, आण्णा?"

"न्हाई ना. मी त्याच्यापरीस शाना. मला सांगता येतं."

बाजूनं गाड्या जात होत्या आणि प्रत्येक ट्रकबरोबर आमची गाडी हलत होती. मी रडले. आण्णांनी गळ्यातल्या नळीला धक्का लागू नये म्हणून मान तिरकी धरून माझ्या पाठीवर हात ठेवला. करायला गेले काय आणि झालं काय. त्यांना मशीनपर्यंत न्यायला म्हणून मी उन्हात धरून, चौकात फिरवून पडदा निवडला आणि त्यांनी त्याच पडद्यावर मला दाखवून दिलं की आता सोड.

"आज जाऊ," तेच म्हणाले. "ती नर्स वाट बघत आसंल. तिला सांगून येऊ."

त्यांनी नर्सला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर समजावत राहिले आणि आण्णा पाव्हण्याचं ऐकून घ्यावं तसं ऐकत राहिले. परतीच्या वाटेवर प्लेअर बंद होता.

पुढच्या फेरीच्या दिवशी मी तरीही गाडी घेऊन गेले. आण्णा रिकाम्या गोठ्यापुढं बाजेवर बसले होते. पुण्याला जायचा पांढरा सदरा घातलेला नव्हता. मी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मग मलाच माझी लाज वाटली आणि मी गाडी बंद केली. भावाशी भांडले, आण्णांशी भांडले, चहाला नको म्हटलं आणि मग चहा घेतला.

तेव्हापासून मी माहेरीच राहिले. पाय सुजत गेले, मग चेहरा सुजला. उताणं झोपलं की दम लागायचा, म्हणून त्यांना बसतं ठेवावं लागे. एका दुपारी ते म्हणाले, "ते मशीन लाव की." मी दचकले. मग कळलं की प्लेअर हवाय.

बॅटरी पार गेली होती, वायरीशिवाय प्लेअर चालूच होईना. घरचा चार्जर मी घेतलाच नव्हता. भाऊ म्हणाला, पेनड्राइव्ह टीव्हीला लावू, पण आमच्या टीव्हीला ते भोकच नव्हतं. शेवटी आम्ही दोघांनी आण्णांना धरून अंगणात आणलं आणि गाडीत मागच्या सीटवर नेहमीच्या उशीला टेकवलं. मी पुढं बसले, चावी फिरवली, वायर लावली. गाडी सुरू झाली. गिअर मात्र टाकायचा नव्हता.

मग रोज दुपारी तसंच. चिंचेच्या सावलीत गाडी उभी, इंजिन चालू, मागं पुकारा. जिंकलेल्या बाऱ्या तेवढ्याच लावायच्या, असं त्यांनी सांगितलं होतं. मी आरशात बघायची. पुढं पुढं त्यांचं पडद्याकडं लक्ष नसायचं, डोळे मिटलेले असायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी गुंगी यायला लागली होती.

त्यातल्याच एका दुपारी त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "कुठवर आलो?"

मंचर आलं म्हणावं की पुणं, मला सुचेना. इतके महिने मी त्यांना रस्ताभर खोटंच सांगत आले होते, "आलंच आता, आलंच."

"घरीच आहोत, आण्णा," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "मंग बंद कर गाडी. तेल जळतंय."

मी चावी फिरवली. इंजिन थांबलं आणि पाठोपाठ पडदाही विझला.