इकडील सर्व खुशाल

जुन्या कॉम्प्युटरची डिस्क साफ करताना एका ओपन सोर्स चॅट प्रोग्रामने आपणहून जपून ठेवलेला संवाद सापडला. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. घाटनांदूरहून माझे वडील, आबा, अंबाजोगाईच्या सायबर कॅफेत आले होते आणि भाऊ टाइप करत होता. माझ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एकच ओळ उमटली, ‘चि. सुमनला अनेक आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल.’ मग त्यांच्याकडची लाइट गेली. भावाच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

आई गेल्यावर भावाने सांगितलं, त्या दिवशी कॅफेत तो तिच्या आजाराचंच आधी लिहिणार होता. आबांनी त्याचा हात धरला. “आदी खुशाली लिही. रीत हाय ती.”

त्या ओळीखाली माझं उत्तर अजून आहे, ‘बरं झालं. मग आता दिवाळीलाच येते.’